सापाच्या भीतीने मागच्या दारी जाणं बंद झालंय, काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दात मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही बघता येईल. तुम्ही डोंबिवलीत वाढलात, दोन वर्षांपूर्वी मिस्टरांनी नोकरी सोडून गावची कलमं बघायला घेतली आणि तुम्ही संगमेश्वरकडे सासरच्या घरी राहायला आलात. मागच्या जूनमध्ये न्हाणीघराच्या पायरीवर साप दिसला, दीरांनी दिवड आहे म्हणून सांगितलं, काठीने बाजूला केला, तो गडग्यात (दगडी कुंपणात) निघून गेला, कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून तुम्ही काळोख पडल्यावर मागचं दार उघडत नाही, रात्री लघवीला जायचं तर मिस्टरांना उठवता नाहीतर सकाळपर्यंत तसंच सोसता, व्हॉट्सअॅपवर फोटो येतील म्हणून गावचा ग्रुप उघडत नाही, आणि प्रश्नात सुद्धा बहुतेक ठिकाणी 'साप' न लिहिता 'ते' असंच लिहिलंय. आता तुमची पाच वर्षांची मुलगी अंगणात उतरताना कडेवर घे म्हणते. सासूबाई म्हणतात मनात आणू नकोस. आणि तुम्ही मुख्य तीन गोष्टी विचारल्यात: हे वेड आहे का, यावर गोळी आहे का, आणि दीर म्हणतात तसं सर्पमित्राला बोलावून एकदा साप हातात धरला की भीती जाईल का.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, आधी पुण्यात काम केलं आणि आता बरीच वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात करते, त्यामुळे सापाच्या भीतीचे लोक माझ्याकडे नेहमी येतात. आधी सरळ उत्तरं देते. वेड अजिबात नाही, याला फोबिया म्हणतात आणि मनाच्या ज्या त्रासांवर उपचार चांगले लागू पडतात त्यात हा अगदी वरच्या नंबरला आहे. गोळीने हा जात नाही, त्यावर पुढे लिहिते. आणि दीरांचा उपाय कृपा करून करू नका. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तयारी नसताना साप हातात दिला तर माणूस घट्ट डोळे मिटतो, थरथरतो, कधी भोवळ येऊन पडतो, आणि मेंदू त्यातून एवढंच शिकतो की बघ, साप म्हणजे हे असं होतं. असा 'उपाय' झाल्यावर आणखी घाबरून माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत. शिवाय साप पकडून ठेवणं, त्याचा खेळ करणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, जबाबदार सर्पमित्र पकडलेला साप कोणाच्या हातात देत नाही, तो सोडून येतो.

आता खरा प्रॉब्लेम काय आहे ते बघू. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात साप प्रत्यक्ष एकदाच येतो, त्या जूनच्या सकाळी. बाकी सगळं तुम्ही काय काय करायचं सोडलंत त्याबद्दल आहे. न्हाणीघर, परसू, बावीवर (विहिरीवर) जाणं, व्हॉट्सअॅप, मुलीबरोबर अंगणात बसणं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात तसं झालंय, साप केव्हाच गेला आणि धोपटणं वर्षभर चालू आहे. म्हणून आपल्याला साप आवडायला लागायची काहीच गरज नाही, आपल्याला तुमचं न्हाणीघर परत मिळवायचंय. हे ध्येय पहिल्याच दिवशी ठरवून घेते मी, कारण 'साप गळ्यात घालता आला पाहिजे' असं डोक्यात धरून आलेला माणूस पहिल्याच पायरीला थकतो.

भीती आली कुठून, हेही विचारलंत. थोडी उपजत तयारी असते आणि बाकी आपण बघून शिकतो. अमेरिकेत सुझन मिनेका नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात माकडांवर काम केलं होतं. प्रयोगशाळेत जन्मलेली, साप कधी न पाहिलेली माकडं सापाला घाबरत नव्हती, पण रानातून आलेलं माकड साप बघून घाबरतंय एवढं त्यांनी बघितलं की काही मिनिटांत तीही घाबरायला शिकली. मग १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात व्हिडिओ असे जोडले की एकात ते माकड खेळण्यातल्या सापाला घाबरताना दिसेल आणि दुसऱ्यात फुलाला. बघणारी माकडं सापाला घाबरायला शिकली, फुलाला नाही. म्हणजे सापाची भीती आपल्या मेंदूत पटकन रुजते, तशी जमीन तयारच असते, पण बी बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी किंचाळण्यातून पडतं. तुम्ही लिहिलंय की लहानपणी टीव्हीवर साप दिसला की आई उठून आत जायची. तुमच्या बाबतीत बी तिथेच पडलं असावं, दिवडाने फक्त पाणी घातलं. याच कामातली एक गोष्ट मला मुलीच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते, ज्या माकडांनी आधी न घाबरणारं माकड सापाजवळ बघितलं होतं ती नंतर घाबरणारं माकड बघूनही फारशी घाबरली नाहीत. त्यामुळे तुम्ही स्वतःसाठी जे कराल ते मुलीसाठी पण होणार आहे.

पण भीती सुरू कशी झाली यापेक्षा ती टिकते कशी हे जास्त कामाचं आहे. रात्री तुम्ही मागच्या दाराच्या कडीला हात लावता, छातीत धडधड सुरू होते, तुम्ही मागे फिरता आणि दोन मिनिटांत बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातच सगळी मेख आहे. मेंदू लिहून ठेवतो की आपण मागे फिरलो म्हणून वाचलो. त्या रात्री पायरीवर काहीच नव्हतं ही माहिती त्याला मिळतच नाही कारण दार उघडलंच नाही. असं ३००-४०० रात्री झालं की भीतीला एकदाही कोणी तपासलेलं नसतं. सासूबाईंचं 'मनात आणू नको' म्हणूनच लागू पडत नाही, मनात न आणणं हे पण टाळणंच झालं.

इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. शहरात झुरळाची किंवा लिफ्टची भीती घेऊन कोणी आलं तर मी म्हणू शकते की अहो काही होत नाही. कोकणात सापाबद्दल मी असं म्हणणार नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत, रत्नागिरीच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) दगडाखाली फुरसं मिळणं काही नवल नाही. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं जातात असा अंदाज आहे, आणि २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. तेव्हा 'साप काही करत नाहीत' हे वाक्य तुम्हाला सांगून उपयोग नाही, ते खोटं आहे हे तुम्हाला माहितीये आणि मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरचा पण तुमचा विश्वास उडेल.

म्हणून मी काळजी आणि भीती वेगळ्या करायला शिकवते. माझ्या अनुभवात फरक ओळखायची एकच खूण आहे, काळजी एका ठिकाणी संपते आणि भीती संपतच नाही. बॅटरी घेऊन पायरी एकदा नीट बघितली आणि पाऊल टाकलं ही काळजी. माझ्याकडे एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), त्या झोपायच्या आधी पलंगाखाली बॅटरी मारायच्या, मग परत, मग उशा उचलून, मग परत पलंगाखाली, अकरा-बारा वेळा. पहिली वेळ काळजीची होती, पुढच्या सगळ्या भीतीच्या, आणि गंमत म्हणजे दहाव्या वेळेनंतर त्यांना पहिल्यापेक्षा जास्त असुरक्षित वाटायचं. आम्ही ठरवलं की एकदाच बघायचं, सावकाश, डोळे उघडे ठेवून, आणि मग अंगावर पांघरूण. पहिले चार दिवस रडत झोपल्या, दुसऱ्या आठवड्यात झोप लागायला लागली.

तुमच्या घरासाठी काळजीची यादी छोटीच आहे. काळोखात बॅटरी आणि पायात बूट किंवा बंद चप्पल. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचून, कारण मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा चावल्याचं कळतही नाही. सरपण आणि चिऱ्यांची रास घराला टेकून न ठेवता लांब ठेवा. भात सांडलेलं, उंदीर-घुशी असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, साप त्यांच्यामागेच येतो. पाचोळ्यात, सरपणात हात घालायच्या आधी काठीने हलवायचं. न्हाणीघराबाहेर चांगला दिवा लावून घ्या. झालं. एवढं केलं की काळजीचं काम संपलं, त्याच्या वर जे काही मन सांगेल ते भीतीचं आहे असं समजायचं.

आणि एक कागद करा. आपल्याकडे 'पान लागलं' (म्हणजे साप चावला) की माणूस संपला असं पिढ्यानपिढ्या मनात बसलंय, फोबियाच्या मुळाशी ही खात्री असते. चावलं तर काय करायचं हे लिहून फ्रीजवर लावा: माणसाला शांत ठेवायचं, चालवायचं नाही, चावलेला हात-पाय लाकडाची पट्टी लावून हलणार नाही असा ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या-जोडवी काढायची, आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे मिनिटभर पण घालवायचं नाही, साप पकडायच्या मागे लागायचं नाही, १०८ ला फोन किंवा जी गाडी असेल ती काढून हॉस्पिटल. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात अँटिव्हेनम (सर्पविषावरचं औषध) असतं का आणि रात्री डॉक्टर असतात का हे मिस्टरांना आजच जाऊन विचारून यायला सांगा आणि तो नंबर त्याच कागदावर लिहा. आपलं अँटिव्हेनम या चारही सापांच्या विषावर चालतं. हा कागद लावल्यावर माझ्या निम्म्या पेशंटांचा चेहरा बदलतो, कारण पहिल्यांदाच त्यांच्या गोष्टीला 'साप दिसला' च्या पुढचं पान मिळतं.

आता मुख्य काम. याला एक्सपोजर म्हणतात, म्हणजे ज्याला टाळतो त्याला ठरवून, पायरी पायरीने, पुरेसा वेळ सामोरं जाणं. नवीन काही नाही, जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकातच अशा पायऱ्यांची पद्धत मांडली, १९६९ मध्ये अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी सापाला घाबरणाऱ्या लोकांवरच दाखवलं की कोणीतरी आधी शांतपणे करून दाखवलं आणि मग बरोबर राहून आपल्याकडून करवून घेतलं तर नुसत्या कल्पनेपेक्षा किंवा फिल्म बघण्यापेक्षा जास्त फरक पडतो. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी तर एकाच दिवशी जास्तीत जास्त तीन तासांचं सेशन घेऊन एखाद्या वस्तूची किंवा प्राण्याची भीती घालवायची पद्धत काढली, ती १९८९ पासून वापरात आहे. मी इथे तसं एका दिवसात करत नाही कारण माझ्याकडचे लोक संध्याकाळी परत त्याच काळोख्या पायरीवर जाणार असतात, त्यांना घरच्या सरावाची जास्त गरज असते. साधारण सहा ते दहा भेटी लागतात, कोणाला चार पुरतात, कोणाला पंधरा.

तुमची पहिली पायरी तुम्हीच दाखवलीत, तो शब्द. एका वहीत 'साप' हा शब्द लिहायचा आणि बघत बसायचं. हसू नका, ज्या माणसाला तो शब्द लिहिता येत नाही त्याच्यासाठी ही खरी पायरी आहे. प्रत्येक वेळी ० ते १०० मध्ये भीती किती ते लिहायचं. त्यानंतर पेन्सिलने काढलेलं चित्र, मुलीच्या पुस्तकातलं चित्र, ब्लॅक अँड व्हाइट फोटो, रंगीत फोटो, आवाज बंद ठेवून व्हिडिओ, मग आवाज चालू ठेवून. मग कधी गडग्यावर कात दिसली तर ती जिथे आहे तिथेच चार पावलांवरून बघायची, घरी आणायची नाही. पुण्याला गेलात तर कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडचा साप, आधी दहा फुटांवरून मग काचेजवळून. आणि दुसऱ्या बाजूने घरातल्या पायऱ्या: दिवसा मागच्या दारात उभं राहणं, दिवसा न्हाणीघराची पायरी, संध्याकाळी दिवेलागणीला, मग रात्री मिस्टर दारात उभे असताना, मग मिस्टर माजघरात, मग मिस्टर झोपलेले. या दोन्ही बाजू एकदमच चालवायच्या, कारण फोटोची भीती गेली म्हणून पायरीची आपोआप जात नाही, मेंदू एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी लगेच लावत नाही. फोटो पण एकाच सापाचे नको, धामण, नानेटी, हरणटोळ, नाग, वेगवेगळे घ्या, वेगवेगळ्या खोलीत बसून बघा.

किती वेळ थांबायचं हे सगळे विचारतात. पूर्वी मी सांगायचे की भीती निम्मी होईपर्यंत थांबा. अजूनही ते वाईट नाही, पण आता मी वेगळं करते. वहीत तीन खाने आखायचे. पहिल्यात आधीच लिहायचं की भीती काय सांगतेय, अगदी स्पष्ट, 'फोटो बघितला तर मला चक्कर येईल', 'दार उघडलं की पायरीवर असेलच'. दुसऱ्यात झालं काय. तिसऱ्यात आकडा. जोपर्यंत पहिल्या खान्यातलं खरं की खोटं ते कळत नाही तोपर्यंत पायरी सोडायची नाही. कधी आकडा ७० वरून ६० लाच येतो पण चक्कर आलेली नसते, तरी ती पायरी पास. भीती असताना सुद्धा मला उभं राहता आलं, हे शिकणं भीती शून्य होण्यापेक्षा जास्त टिकतं, विशेषतः तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे कधी ना कधी परत साप दिसणारच आहे. तुमची शेवटची पायरी 'साप दिसणार नाही' ही नाहीच मुळी, 'दिसला तर मी दोन पावलं मागे येईन, मुलीला घेईन, नजर त्याच्यावर ठेवून हाक मारेन आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ ला फोन करेन' ही आहे. ते वाक्य मोठ्याने म्हणून, अंगणात चालून, तसा सराव करा.

चुका कुठे होतात ते सांगते. फोटो भराभर सरकवणं, अर्धे डोळे मिटून बघणं, मिस्टरांचा दंड पकडून ठेवणं, मनात दुसरंच काहीतरी मोजत राहणं. काही जणी रामरक्षा म्हणत बसतात. रामरक्षेला माझी काहीच ना नाही, आधी म्हणा, नंतर म्हणा, पण त्या दहा मिनिटांत लक्ष फोटोवरच हवं, नाहीतर मेंदू म्हणतो स्तोत्रामुळे वाचलो आणि पुढच्या वेळी स्तोत्राशिवाय दार उघडत नाही. आणि मिस्टरांना सांगा की अर्ध्या रात्री उठून सोबत येण्यात त्यांची माया आहे हे मला दिसतंय, पण आता ती सोबत हळूहळू, तुमच्या दोघांच्या ठरलेल्या वेगाने कमी करायची आहे. रबरी साप टाकून गंमत करणारं घरात कोणी असेल तर त्यांना आजच स्पष्ट शब्दात थांबवा, त्याने महिनाभराचं काम एका मिनिटात मागे जातं.

सापाची माहिती वाचू का, असंही विचारलंत. वाचा, पण रात्री दोन वाजता इंटरनेटवर शोधत बसून नको. दिवसा, ठरवून, वीस मिनिटं. साप डूख धरत नाही, घर लक्षात ठेवून सूड घ्यायला येत नाही, त्याला बाहेरचे कान नाहीत आणि जमिनीची थरथर त्याला चांगली कळते म्हणून पाय वाजवत चाललेल्या माणसाच्या वाटेतून तो बहुतेक वेळा आधीच निघून जातो. दिवड बिनविषारी आहे, पाण्याच्या कडेला बेडूक-मासे खातो, तुमच्या न्हाणीघराच्या ओलीला आला असणार. एक सावधगिरी मात्र, ओळखता येतंय म्हणून जवळ जाऊ नका, बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात भलेभले फसतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. वरचं सगळं तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून आहे. घरात कोणाला प्रत्यक्ष सर्पदंश झालेला असेल, कोणी गेलेलं असेल, आणि तो प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी परत परत दिसत असेल तर आधी त्यावर काम करावं लागतं, एकटीने या पायऱ्या करू नका. दिवस गेलेले असतील, हृदयाचा त्रास असेल, घराबाहेर इतर ठिकाणीही अचानक घाबरल्याचे झटके येत असतील, किंवा वर्षभर झोप आणि जेवण उडालेलं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. गोळीबद्दल: मन शांत करणाऱ्या काही गोळ्या सरावाच्या आधी घेतल्या तर भीती तेवढ्यापुरती दबते आणि शिकणं कच्चं राहतं, श्रेय गोळीला जातं. पण आधीपासून काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. रात्रभर लघवी रोखून धरणं तर आजपासून बंद करा, तेवढ्यापुरती घरात सोय करून घ्या, त्यात हार वगैरे काही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे विचारा, आणि सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, फोनवर पहिलं बोलणं तिथेही होऊ शकतं. पायऱ्यांपैकी बऱ्याचशा व्हिडिओ कॉलवर पण करता येतात.

पुढचा पाऊस आला की भीती थोडी परत डोकं वर काढेल, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे तेव्हा सगळं वाया गेलं असं वाटणार नाही. वही काढायची, दोन-तीन पायऱ्या खाली उतरायचं आणि परत चढायचं, दुसऱ्यांदा चढायला पहिल्यापेक्षा खूप कमी दिवस लागतात.

आज रात्री फोटो नको, दार नको. मुलगी झोपली की वही घ्या, पहिल्या खान्यात भीती काय सांगतेय ते लिहा, मग तो शब्द एकदा पूर्ण लिहा आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसा. सुरुवातीचा आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा, एवढे दोनच मला कळवा, त्यावरून पुढची पायरी किती उंच ठेवायची ते सांगते.